फरसबीच्या शिरा

"आम्ही आहोत तोवर ठीक आहे हो मॅडम. आमच्यामागे त्याचं कसं होणार? म्हातारपणी त्याला पाणी द्यायला कोण?"

मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे हे कळलेले आईवडील पहिल्या नाहीतर दुसऱ्या भेटीत या वाक्यापाशी येतातच. मुलगा असतो २६ वर्षांचा, सकाळी जिमला जाणारा, आणि घरात चर्चा चाललेली असते त्याच्या म्हातारपणाची. ही काळजी खोटी नसते. पण ती मनात येते कशी, आणि कशाच्या जागी येऊन बसते, हे मला एका आईकडून नीट समजलं. तेही एका सिनेमामुळे. आमच्या समुपदेशनाच्या धंद्यातली माणसं ऊठसूट सिनेमे सुचवतात, मी त्यातली नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

शैलाताई आणि सुधाकरराव, राहणार चरई, ठाणे. मुलगा मिहिर. नावं बदलली आहेत, काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत आणि लिहायला तिघांचीही परवानगी आहे. सुधाकररावांनी तर मसुदा वाचून दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. छत्तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शन केलेला माणूस, खुणा केल्याशिवाय कागद परत देणार कसा?

माझी खोली नौपाड्यात, पहिल्या मजल्यावर. पहिल्या भेटीत शैलाताई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. बोलले ते सुधाकरराव. मिहिरने गणपतीत घरी आल्यावर सांगितलं होतं, "मला मुलगे आवडतात, लग्नासाठी मुली बघू नका." विवाह मंडळात नाव नोंदवून झालं होतं, फोटो देऊन झाला होता. त्यानंतर हे दोघं मिहिरला न सांगता एका डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने मुलाला न बघताच हार्मोनच्या तपासण्यांची यादी लिहून दिली आणि "सहा महिन्यांत फरक पडेल" असं आश्वासनही दिलं.

"मॅडम," सुधाकरराव म्हणाले, "आमच्याकडे माल एकदम रिजेक्ट करत नाहीत. आधी रिवर्कला पाठवतात. याचं काही रिवर्क होतं का?"

"रिवर्क कधी करतात?"

"ड्रॉइंगप्रमाणे नसेल तेव्हा."

"मग हे ड्रॉइंग कुणी काढलं होतं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मला मात्र माझा प्रश्न फार आवडला होता, आणि स्वतःचं वाक्य आवडलं की समजावं, समोरच्याला त्याचा काही उपयोग झालेला नाही. मग मी सरळ माहिती दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जो आजारच नाही त्याच्यावर औषध नाही, आणि हार्मोनच्या रिपोर्टमध्ये दिसेल असं त्यात काही नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे 'बदलून देण्याचे' उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. सुधाकररावांनी साल लिहून घेतलं. शैलाताईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत विचारते, इथेही विचारली. मुलगा सुरक्षित आहे ना? जेवतो, झोपतो, कामावर जातो ना? घरात सांगितल्यानंतरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. घर काय करतंय याकडे मुलाचे कान लागलेले असतात आणि घर तर गप्प बसलेलं असतं. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

"जातो कामावर," शैलाताई म्हणाल्या. पहिल्या भेटीतलं त्यांचं हे जवळजवळ एकच वाक्य. निघताना दारात थांबून मात्र म्हातारपणाचा प्रश्न विचारलाच.

दुसऱ्या भेटीला त्या एकट्या आल्या. मिहिरने व्हॉट्सॲपवर एका सिनेमाची लिंक पाठवली होती. "आई, हा बघ. बाबांनाही दाखव." सिनेमाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक ते औषधासारखं एकमेकांना पाठवत सुटतात, आणि हे औषध नव्हे. गोष्ट अशी, खरं तर गोष्ट अशी नाहीच. दुसऱ्याच भाषेतला, दुसऱ्याच शहरातला एक तरुण. गे आहे. सकाळी उठतो, बादली भरेपर्यंत दात घासतो, बस पकडतो, ऑफिसात बसतो, परत येतो. रविवारी कपडे धुतो. कुणीतरी लग्नाचं विचारतं, तो हसून विषय बदलतो. मधे एक मित्र दोन दिवस राहायला येतो, त्याला ताप येतो, हा कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतो. मित्र जातो. पुन्हा बादली.

सुधाकररावांनी वीस मिनिटं बघितला आणि "यात काही घडतच नाही" म्हणत तलावपाळीला फेरी मारायला निघून गेले. शैलाताईंना चार दुपारी लागल्या. खाली इंग्रजी ओळी येत, त्या भराभर वाचता येत नव्हत्या. म्हणून त्या प्रत्येक ओळीला सिनेमा थांबवून, वाचून पुढे जात. मुळात संथ सिनेमा, तो त्यांनी आणखी संथ करून बघितला.

"कसा वाटला?"

"रटाळ," त्या पटकन म्हणाल्या, आणि दोघीही हसलो. मग जरा थांबून म्हणाल्या, "मी आपली वाटच बघत होते हो. आता कोणीतरी याला पकडेल, मारेल, नाहीतर हा जीव तरी देईल. शेवटपर्यंत तसं काहीच नाही. संपला तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं."

या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण माझ्या मते त्यांची काळजी इथेच उघडी पडली. गे माणसाच्या आयुष्याचं त्यांच्याकडे असलेलं चित्र आलं कुठून? ओळखीत असं कोणी नाही, म्हणजे असेल, पण सांगणारं नाही. मग उरतं ते सिनेमा-नाटकातलं, लचकत चालणारं, लोकांना हसवायला आणलेलं पात्र. नाहीतर पेपरातली बातमी: ब्लॅकमेल, खून, आत्महत्या. हसं नाहीतर मरण, मधलं काही नाही. मंगळवारची संध्याकाळ त्या चित्रात नाही, लाइटबिल नाही, तापात कपाळावर ठेवलेली पट्टी नाही. मुलाला आवडतं कोण हे कळल्या क्षणी शैलाताईंनी त्याला उचलून त्या चित्रात बसवलं होतं, आणि तिथे तो अर्थातच एकटा, म्हातारा आणि तहानलेला दिसत होता.

बाकी मीही काही शहाणी नव्हते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत कळव्याचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला मी म्हटलं होतं, "वय आहे, थोडं थांबून बघू या, घाईने शिक्का नको मारून घ्यायला." मला ते समजूतदारपणाचं वाटलं होतं. तो पुन्हा आला नाही. हाही सिनेमा मी शैलाताईंच्या या भेटीआधी घरी बघितला होता, आणि खरं सांगायचं तर दोनदा फोन चाळला. मी बघत होते समुपदेशकासारखी, लक्षणं शोधत: हा उदास आहे का, एकाकी आहे का. शैलाताईंनी बघितलं ते वेगळंच.

"त्याला फरसबी चिरता येत नाही," त्या म्हणाल्या. "शिरा काढतच नाही हो! सगळ्या शेंगा एकत्र धरतो आणि चिरतो. शिजल्यावर दातात दोरे येणार. आणि जेवतो कसा, तर ओट्याशी उभा राहून, पातेल्यातूनच. ताट घेत नाही. मला इतकं वाईट वाटलं... त्याचं ते दुसरं काही नाही, ताटाचंच."

मिहिरने सांगितल्यापासून पहिल्यांदाच त्या एका गे मुलाबद्दल भाच्यापुतण्याबद्दल बोलावं तसं बोलत होत्या, म्हणजे चिडून.

आणि मग म्हणाल्या, "त्याची आई दाखवलीच नाही ना?"

"एकदा फोन येतो," मी म्हटलं.

"तो उचलत नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी विचारलं, "मिहिर रात्री काय जेवतो?"

त्यांना माहीत नव्हतं. तो ऐरोलीला कामाला आणि घणसोलीला एका मुलाबरोबर भाड्याने राहायला. जाऊन चौदा महिने झालेले. ठाण्याहून वाशीची गाडी पकडली की दिघे गाव, ऐरोली, रबाळे आणि चौथं घणसोली, असं गाडीत वीसेक मिनिटांचं अंतर. चौदा महिन्यांत शैलाताई एकदाही तिथे गेल्या नव्हत्या. आधी "तोच येतो ना रविवारी" म्हणून, आणि गणपतीनंतर भीतीने. तो दुसरा मुलगा कोण, हे दिसेल म्हणून.

माझ्या अनुभवात हे फार घडतं. आजच्या मुलाकडे बघणं अवघड झालं की आईवडील तीस वर्षं पुढे जाऊन बसतात. म्हातारपणाची काळजी जड असते, पण तिच्यात आज काही करावं लागत नाही. तो रात्री काय जेवतो, कुणाशी बोलतो, ऑफिसात लग्नाचं विचारलं की काय उत्तर देतो, हे विचारायला मात्र फोन उचलावा लागतो. मी शैलाताईंना म्हटलं, "म्हातारपणाचं आपण बोलू, नक्की बोलू. पण आधी येत्या शनिवारचं ठरवा."

इथे एक आणखी शंका निस्तरते, कारण ती शैलाताईंच्या मोठ्या जावेने मांडली होती आणि पुष्कळजण मांडतात: असले सिनेमे बघूनच मुलं अशी होतात. मिहिरला आठवीपासून माहीत होतं. सिनेमा त्याने बघितला सव्विसाव्या वर्षी, आणि आईला पाठवला तो स्वतःची ओळख करून द्यायला. चेहऱ्यासारखा चेहरा दिसला म्हणून आरसा दाखवला, त्यात आरशाचा काय दोष? उलट विचारायला हवं ते असं की, आठवी ते सव्वीस या वर्षांत त्याने बघितलेले शेकडो नायक-नायिकांचे सिनेमे त्याला मुली आवडायला लावू शकले नाहीत, ते कसं?

आणि "लग्न लावून दिलं की होईल सगळं ठीक" असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एवढंच: ती मुलगीही कुणाच्या तरी चरईतल्या घरात वाढलेली असते. माझ्याकडे अशा बायका येतात. पाच-सात वर्षं स्वतःतच खोट शोधून थकलेल्या असतात. मंडळातलं नाव शैलाताईंनी त्याच आठवड्यात काढून टाकलं, हे मला फार बरं वाटलं.

शनिवारी त्या गेल्या. आदल्या रात्री वाल सोलत बसल्या होत्या. मोड आलेले वाल एकेक सोलायचे म्हणजे केवढं काम, ज्यांनी बिरडं केलंय त्यांना सांगायला नको. सोलता सोलता चार वेळा वाटलं की फोन करून काहीतरी कारण सांगावं. मग एवढे सोललेले वाल वाया जातील म्हणून गेल्या. धैर्य कुठून येतं याबद्दल आमच्या पुस्तकांत बरंच लिहिलेलं असतं, वालाचा उल्लेख मात्र कुठे नाही.

घरात दोरीवर शर्ट, कोपऱ्यात पाण्याचा जार, भिंतीला टेकवलेली गादी. दुसरा मुलगा सांगलीचा, रात्रपाळी करून झोपलेला आणि मोठ्याने घोरत. तो 'तसला' मित्र नव्हताच, नुसता भाडं वाटून घेणारा. शैलाताईंना हायसं वाटलं आणि लगेच, कसं कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. "म्हणजे याचं तसं कोणी नाहीच?" हे त्या मला सांगत होत्या तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो. मी मुद्दाम काही म्हटलं नाही.

ओट्यावर ताटं होती. दोन, स्टीलची. मिहिर जेवतो ते गादीवर बसून, लॅपटॉपवर क्रिकेट लावून. पोळ्या बाहेरून येतात, भाजी तो करतो. 'त्या' विषयावर मायलेकात अवाक्षर झालं नाही. मिहिरने फक्त विचारलं, "सिनेमा बघितलास?"

"बघितला. फरसबीच्या शिरा काढत नाही तो."

मिहिर इतका हसला की सांगलीकर जागा झाला. मग तिघं बिरडं-भात जेवले. संध्याकाळी स्टेशनवर सोडायला आला तेव्हा गाडी येईपर्यंत फलाटावर मिहिर बोलत होता. आठवीतलं, कॉलेजातलं, एका मुलाबद्दलचं, जो आता बंगळुरूला असतो. शैलाताईंनी एक गाडी सोडली. मग दुसरीही.

"काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं.

"काही नाही. मला काही सुचलंच नाही. ऐकत होते."

हे वाचणाऱ्या आईवडिलांनी घणसोली गाठावी आणि सगळं सुरळीत होईल, असं समजू नये. पुढच्या महिन्यात एकदा शैलाताई माझ्याकडे येऊन पाऊण तास नुसत्या रडल्या. एका हळदीकुंकवाला कोणीतरी नातवंडांचं विचारलं होतं. आपणही कधी आजी होऊ असं धरून चाललेल्या बाईचं काहीतरी खरंच हरवलेलं असतं. ते 'मनाला लावून घेऊ नका' म्हणून भागत नाही, रडायला जागा लागते. ती शक्यतो मुलासमोर नसावी, एवढंच. याच कामासाठी मी त्यांना मुंबईतल्या 'स्वीकार' या पालकांच्या गटाबद्दल सांगितलं. समलिंगी, ट्रान्सजेंडर मुलांचे आईवडीलच एकमेकांशी बोलतात तिथे. चित्रा पालेकर यांचंही सांगितलं. रंगभूमीवरची ही अभिनेत्री आपल्या लेस्बियन मुलीबद्दल उघडपणे बोलत आली आहे, आणि २०११ मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पालकांमध्ये त्या होत्या. "त्या पालेकर?" शैलाताई सरसावून बसल्या. नाव माहीत असलेल्या बाईच्या घरातही हे असतं, याचा त्यांना माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त आधार वाटला असावा.

आता म्हातारपण. ते मी विसरले नव्हते, आणि सुधाकरराव तर अजिबातच नाहीत. सिनेमा त्यांनी पुढेही बघितला नाही. घणसोलीलाही गेले नाहीत. पण चौथ्या भेटीला वही घेऊन आले. "कायद्याचं काय आहे ते एकदा सांगा." मुलं काय बोलतात यापेक्षा कागद काय बोलतात हे ज्यांना जास्त कळतं, त्यांच्याशी कागदातूनच बोलावं लागतं.

६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून दोन सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणजे मिहिरला उद्या जोडीदार मिळाला तरी नवरा-बायकोला जे आपोआप मिळतं ते या दोघांना आपोआप मिळणार नाही. पाणी द्यायला माणूस असेल, पण त्या माणसाचं नाव कागदावर कुठेच नसेल. मी हे गोड करून सांगत नाही. शैलाताईंच्या काळजीतला खरा दाणा हाच आहे, आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे. मृत्युपत्र आहे. ते करायला वय व्हावं लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही सांगितलं. वहीत त्याखाली दोन रेघा पडल्या.

पुढल्या भेटीला ते एक फाइल घेऊन आले. मिहिरची फाइल. विम्याची कागदपत्रं, बँकेचे फॉर्म, सगळं पंच करून, अनुक्रमणिकेसकट. मुलाशी या विषयावर ते अजून चार वाक्यंही बोलले नव्हते. नातेवाइकांना आजही "एवढ्यात करायचं नाही म्हणतो" असंच सांगतात. शैलाताई यावरून त्यांच्याशी भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही.

फाइलमधला नॉमिनीचा फॉर्म त्यांनी नमुना म्हणून भरून दाखवला. नावाच्या रकान्यात शैलाताईंचं नाव होतं, नात्याच्या रकान्यात 'आई'. बाकी सगळं निळ्या पेनने, सुवाच्य. हे दोन रकाने तेवढे पेन्सिलने.

"हे पेन्सिलने का?" मी विचारलं.

"उद्या बदलायचं झालं तर," ते म्हणाले, आणि फाइलचा बंद नीट बांधू लागले.